ध्वनी उपकरणांचे मूल्यमापन (श्रवण आणि मापन)

ध्वनी उपकरणांचे मूल्यमापन म्हणजे अँप्लिफायर, स्पीकर, हेडफोन, रेकॉर्ड प्लेयर, सीडी प्लेयर यांसारख्या ध्वनी पुनर्निर्मिती करणाऱ्या साधनांची गुणवत्ता ठरविण्याची प्रक्रिया होय. हे मूल्यमापन मुख्यतः दोन मार्गांनी केले जाते. पहिला मार्ग व्यक्तिनिष्ठ श्रवणाचा आहे. यात श्रोता उपकरणावर संगीत किंवा भाषण ऐकून त्याविषयी आपले मत नोंदवितो. दुसरा मार्ग वस्तुनिष्ठ मापनाचा आहे. यात उपकरणाला ज्ञात विद्युत्‌संकेत देऊन बाहेर पडणाऱ्या संकेताचे किंवा ध्वनीचे यंत्राद्वारे विश्लेषण केले जाते.

या दोहोंपैकी कोणता मार्ग अधिक विश्वसनीय आहे, याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून श्रोते, अभियंते, समीक्षक आणि उत्पादक यांच्यात वाद चालू आहे. हा वाद सामान्यतः 'कान विरुद्ध यंत्र' असा मांडला जातो. मात्र मानसध्वनिशास्त्रातील संशोधनावरून असे दिसते की खरी विभागणी श्रवण आणि मापन यांच्यात नसून नियंत्रित आणि अनियंत्रित श्रवण यांच्यात आहे. उपयुक्त ठरलेली बहुतेक मापने नियंत्रित श्रवणचाचण्यांच्या आधारेच विकसित झाली आहेत.

वादाचे स्वरूप

ध्वनी उपकरणाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला प्रश्न विश्वासूपणाचा असतो: मुद्रणात जे आहे ते उपकरण कमी-अधिक न करता श्रोत्यापर्यंत पोहोचविते काय? दुसरा प्रश्न पसंतीचा असतो: श्रोत्याला त्याचा आवाज आवडतो काय? अनेक मतभेद या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे निर्माण होतात.

हा फरक वाद्य आणि ध्वनियंत्र यांच्या तुलनेतून स्पष्ट होतो. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग आणि तारेखालील दोरा अशा रीतीने जुळवितो की मूळ स्वराबरोबर अनेक वरचे स्वर उमटावेत. मिरजेतील तंतुवाद्य कारागीर हे काम परंपरेने कानांनीच करतात आणि तेथे कान हाच योग्य निकष ठरतो, कारण वाद्याचे काम नाद निर्माण करणे हे असते. त्याच तंबोऱ्याचे मुद्रण वाजविणाऱ्या अँप्लिफायरने मात्र स्वतःचे वरचे स्वर त्यात मिसळले, तर अभियांत्रिकीच्या परिभाषेत ते विरूपण ठरते. असे विरूपण एखाद्या श्रोत्याला गोड वाटू शकते. त्याला ते आवडणे चुकीचे नसते, परंतु त्यावरून ते उपकरण मूळ ध्वनीशी अधिक प्रामाणिक आहे असा निष्कर्ष निघत नाही.

वस्तुनिष्ठ मापन

ध्वनी उपकरणांच्या मापनात पुढील गुणधर्म प्रामुख्याने तपासले जातात.

वारंवारता प्रतिसाद: निरोगी तरुण माणसाला सुमारे २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतो. वय वाढते तशी यातील वरची मर्यादा खाली येते. या पट्ट्यातील सर्व वारंवारता उपकरण सारख्याच प्रमाणात पुढे पाठविते की काहींना वाढविते वा घटविते, हे वारंवारता प्रतिसादाच्या आलेखावरून कळते. स्पीकर आणि हेडफोन यांच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचे मापन मानले जाते.

विरूपण: उपकरणाला एका वारंवारतेचा शुद्ध स्वर दिल्यावर त्याच्या दुप्पट, तिप्पट इत्यादी वारंवारतांचे स्वर किती प्रमाणात निर्माण होतात, हे एकूण हार्मोनिक विरूपणाच्या आकड्याने दाखविले जाते. दोन स्वर एकाच वेळी दिल्यावर त्यांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या वारंवारता निर्माण होतात. त्यांना आंतरमिश्रण विरूपण म्हणतात.

संकेत-गोंगाट गुणोत्तर: मूळ संकेत आणि उपकरणाचा स्वतःचा गोंगाट यांच्या पातळ्यांतील अंतर डेसिबेलमध्ये मोजले जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये प्रत्येक नमुना १६ बिटांचा असून सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. त्यामुळे सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ९६ डेसिबेलांचे अंतर मिळते.

निर्गत रोध: अँप्लिफायरचा निर्गत रोध जास्त असल्यास स्पीकरच्या बदलत्या रोधानुसार वारंवारता प्रतिसादही बदलतो. काही निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, अँप्लिफायरचा आवाज वेगळा वाटतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. येथे कानाला जाणवणारा फरक मापनातही स्पष्टपणे दिसतो.

दिशात्मकता: स्पीकर समोर जो ध्वनी सोडतो, तोच बाजूला, वर आणि मागेही सोडतो असे नाही. खोलीत श्रोत्यापर्यंत थेट ध्वनीबरोबर भिंती, छत आणि जमीन यांवरून परावर्तित झालेला ध्वनीही पोहोचतो. म्हणून प्रतिध्वनिरहित कक्षात स्पीकरभोवती अनेक कोनांतून मोजमाप घेतले जाते.

मापनाचा मुख्य गुण पुनरावर्तनीयता हा आहे. तेच उपकरण त्याच पद्धतीने दुसऱ्या प्रयोगशाळेत मोजले तरी उत्तर जवळजवळ तेच येते. तथापि एखादा आकडा माणसाला ऐकू येण्याजोगा आहे की नाही, हे मापन स्वतःहून सांगू शकत नाही. त्यासाठी श्रवणाचाच आधार घ्यावा लागतो.

श्रवण आणि त्याच्या मर्यादा

मानवी श्रवणेंद्रिय अतिशय संवेदनक्षम असले तरी ते मोजपट्टीसारखे काम करीत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये समान प्रबलतेचे वक्र प्रसिद्ध केले. कान साधारणतः २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनक्षम असून खर्जातील स्वरांसाठी, विशेषतः आवाज लहान असताना, तो बराच कमी संवेदनक्षम असतो. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबेलांचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला ६० डेसिबेलांहून अधिक पातळी लागते. याच कारणामुळे आवाज किंचित वाढविला की खर्ज अधिक भरीव वाटतो आणि एकंदर ध्वनी सुधारल्याचा भास होतो. दोन उपकरणांच्या पातळीत अर्ध्या डेसिबेलाएवढा फरक असल्यास श्रोत्याला तो 'मोठा' म्हणून न जाणवता 'अधिक स्पष्ट' किंवा 'अधिक जिवंत' म्हणून जाणवू शकतो.

स्मृतीची मर्यादाही महत्त्वाची आहे. ध्वनीतील बारीक तपशील अल्पकाळच स्मरणात टिकतात. एक उपकरण काढून दुसरे जोडण्यात काही मिनिटे गेली, तर होणारी तुलना दोन ध्वनींची नसून एक ध्वनी आणि दुसऱ्याविषयीचे मत यांची असते.

सर्वांत मोठा परिणाम अपेक्षेचा होतो. उपकरणाची किंमत, आकार, वजन, नाममुद्रा आणि इतरांची मते माहीत असल्यास त्यांचा प्रभाव ऐकण्यावर पडतो. हा प्रभाव जाणीवपूर्वक टाळता येत नाही, कारण तो अनुभवाच्या घडणीतच मिसळलेला असतो. श्रोता खोटे बोलत नसतो. त्याला फरक खरोखरच जाणवत असतो, परंतु त्या फरकाचे कारण ध्वनिलहरींत नसते. औषधशास्त्रात छद्मौषधाच्या परिणामामुळे दुहेरी अंध चाचण्या आवश्यक ठरल्या. ध्वनी उपकरणांच्या बाबतीतही तोच तर्क लागू होतो.

इतिहास

ध्वनियंत्राच्या विश्वासूपणाची जाहीर परीक्षा घेण्याचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण थॉमस एडिसन यांच्या कंपनीच्या 'टोन टेस्ट' कार्यक्रमांचे आहे. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेतील सभागृहांत हे कार्यक्रम झाले. रंगमंचावर गायिका आणि फोनोग्राफ शेजारी-शेजारी असत. गायिका मध्येच गाणे थांबवी आणि यंत्र ते पुढे चालू ठेवी. काही कार्यक्रमांत दिवे मालविले जात. यंत्र कोठे सुरू झाले हे ओळखता आले नाही, असे प्रेक्षक सांगत. त्या काळच्या यांत्रिक मुद्रणात खर्जाचे आणि फार वरचे स्वर नीट उमटत नसत, हे पाहता ही प्रतिक्रिया लक्षणीय ठरते. या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस यांनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणीनुसार, त्या यंत्राच्या आवाजाशी जुळेल अशा बेताने गात असत. चाचणीची रचना सदोष असल्यास हजारो श्रोत्यांचे एकमतही पुरावा ठरत नाही, हे या प्रसंगातून दिसते.

१९२५ च्या सुमारास विद्युत् मुद्रण सुरू झाल्यावर मायक्रोफोन, अँप्लिफायर आणि मापनयंत्रे यांचा वापर वाढला. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या संशोधन विभागाने स्टुडिओतील प्रत्यक्ष भाषण आणि स्पीकरमधून येणारे तेच भाषण यांची तुलना करण्याची पद्धत वापरली. त्याच संस्थेतील डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९४० च्या दशकात संकेत थांबल्यानंतरही स्पीकरमध्ये रेंगाळणारा अनुनाद मोजण्याचे तंत्र मांडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर 'हाय-फिडेलिटी' किंवा 'हाय-फाय' हा घरगुती छंद म्हणून लोकप्रिय झाला. अमेरिकेतील मोठ्या खपाच्या नियतकालिकांतील परीक्षणे मुख्यतः मापनावर आधारलेली असत. 'स्टिरिओ रिव्ह्यू'मधील ज्युलियन हर्श हे या पद्धतीचे प्रमुख प्रतिनिधी मानले जातात. याला प्रतिक्रिया म्हणून जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' हे नियतकालिक सुरू केले. उपकरण प्रत्यक्ष ऐकून त्याचे वर्णन केले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. हॅरी पिअर्सन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'द ॲब्सोल्यूट साउंड'ने सभागृहात प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्यांचा नाद हा अंतिम निकष मानला. या प्रवाहातून श्रवणाधारित समीक्षेची स्वतंत्र शब्दसंपदा निर्माण झाली. पुढे दीर्घकाळ वस्तुनिष्ठतावादी आणि व्यक्तिनिष्ठतावादी असे दोन पक्ष ओळखले जाऊ लागले.

अंध श्रवणचाचणी

ज्या चाचणीत श्रोत्याला कोणते उपकरण वाजत आहे हे माहीत नसते, तिला अंध चाचणी म्हणतात. चाचणी घेणाऱ्यालाही ते माहीत नसल्यास ती दुहेरी अंध चाचणी होते. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, हालचालीवरून किंवा बोलण्यातून नकळत सूचना मिळू नये हा त्यामागील हेतू असतो.

फरक ओळखण्यासाठी एबीएक्स ही पद्धत विशेष प्रसिद्ध आहे. तिचे आरंभीचे रूप १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि मार्क गार्डनर यांनी मांडले. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दुहेरी अंध तुलनेसाठीच्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. या पद्धतीत 'ए' आणि 'बी' ही दोन ज्ञात उपकरणे असतात, तर 'एक्स' हे त्यांपैकीच एक, परंतु अज्ञात असते. श्रोता तिन्ही कितीही वेळा ऐकू शकतो. 'एक्स' म्हणजे 'ए' की 'बी', एवढेच त्याला सांगायचे असते. कोणते चांगले हा प्रश्न येथे विचारला जात नाही.

चाचणी ग्राह्य ठरण्यासाठी दोन्ही उपकरणांच्या पातळ्या कानांनी नव्हे, तर व्होल्टमीटरने जुळवाव्या लागतात. सामान्यतः ०.१ डेसिबेलपर्यंतची अचूकता अपेक्षित असते. तसेच फेऱ्यांची संख्या पुरेशी असावी लागते. केवळ अंदाजाने उत्तर देणाऱ्यालाही प्रत्येक फेरीत बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के असते. दहापैकी सात उत्तरे बरोबर येणे प्रभावी वाटते, परंतु निव्वळ अंदाजानेही सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते, म्हणून असा निकाल सामान्यतः फरक ओळखल्याचा पुरावा मानला जातो.

याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या श्रोत्याला सूक्ष्म फरक खरोखर जाणवत असेल, पण तो सरासरी ६० टक्के वेळाच बरोबर ओळखता येत असेल, तर सोळा फेऱ्यांच्या चाचणीत तो बाराचा टप्पा सहा वेळांतून साधारण एकदाच गाठेल. म्हणून लहान चाचणीतील अपयशावरून फरक अस्तित्वातच नाही असे सिद्ध होत नाही. तो असलाच तर मोठा नाही, एवढेच म्हणता येते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने श्रवणचाचण्यांसाठी प्रमाणित पद्धती निश्चित केल्या आहेत. बीएस.१११६ ही शिफारस सूक्ष्म दोषांसाठी असून तीत प्रशिक्षित श्रोते आणि छुपा मूळ संकेत वापरला जातो. बीएस.१५३४ ही 'मुश्रा' या नावाने ओळखली जाणारी पद्धत मध्यम प्रतीच्या ध्वनीसाठी आहे. तीत मूळ संकेत आणि मुद्दाम खराब केलेला संकेत हे दोन्ही नाव न सांगता नमुन्यांत मिसळलेले असतात. मूळ संकेतालाच कमी गुण देणारा श्रोता त्यामुळे लक्षात येतो.

उल्लेखनीय प्रयोग

अँप्लिफायर: १९८७ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने काही शे डॉलर किमतीच्या रिसीव्हरपासून अनेक हजार डॉलर किमतीच्या अँप्लिफायरपर्यंत विविध उपकरणांची अंध तुलना प्रसिद्ध केली. श्रोत्यांमध्ये फरक स्पष्टपणे जाणवतो असे मानणारे आणि तसे न मानणारे असे दोन्ही प्रकारचे लोक होते. एकंदर निकाल अंदाजाहून वेगळा आला नाही.

स्पीकर: १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या कंपनीतील ४० कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने चार स्पीकरची तुलना केली. प्रत्येक श्रोत्याने एकदा पडद्याआडून आणि एकदा स्पीकर पाहून गुण दिले. स्पीकर दिसत असताना मोठ्या व महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घटले. अनुभवी श्रोतेही याला अपवाद नव्हते. या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा मानला जातो. खोलीतील स्पीकरची जागा किंवा वाजविलेले संगीत बदलल्यावर ध्वनीत जे प्रत्यक्ष फरक पडत, ते अंध चाचणीत श्रोत्यांनी नोंदविले. स्पीकर दिसत असताना मात्र त्या फरकांना त्यांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. म्हणजे पाहून ऐकल्यामुळे नसलेले फरक तर जाणवतातच, शिवाय असलेले फरकही निसटतात.

उच्च विभेदनाचा ध्वनी: २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी उच्च विभेदनाचे मुद्रण थेट वाजविणे आणि तेच सीडीच्या दर्जात रूपांतरित करून वाजविणे यांची तुलना प्रसिद्ध केली. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक फेऱ्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२.३ टक्के आढळले. हा फरक लहान असला तरी संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होता आणि प्रशिक्षित श्रोत्यांत तो वाढलेला दिसला. या विषयावरील मतभेद अद्याप पूर्णपणे मिटलेले नाहीत.

प्रचलित मापन अपुरे ठरल्याची उदाहरणे

श्रवणाने मापनाच्या उणिवा उघड केल्याची उदाहरणेही कमी नाहीत. १९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचे विरूपण पूर्ण शक्तीला मोजल्यास अत्यल्प भरे, तरीही त्यांचा आवाज कर्कश वाटे. तपासणीत असे दिसले की संकेत एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना सांध्यावर विरूपण निर्माण होत होते आणि लहान आवाजाच्या वेळी त्याचे प्रमाण तुलनेने अधिक असे. पूर्ण शक्तीला घेतलेल्या एका आकड्यात ते लपून जाई. १९७० मध्ये फिनलंडचे मॅटी ओटाला यांनी वेगाने बदलणाऱ्या संकेतांमुळे होणाऱ्या विरूपणाकडे लक्ष वेधले. त्यानंतर अँप्लिफायरच्या रचनेत आणि मापनपद्धतीत सुधारणा झाल्या.

दुसरे उदाहरण एमपी३ सारख्या संक्षेपण तंत्रांचे आहे. मोठ्या ध्वनीच्या जवळच्या वारंवारतेचा लहान ध्वनी कानाला ऐकू येत नाही. या परिणामाला आच्छादन किंवा मास्किंग म्हणतात. जेम्स जॉन्स्टन आणि कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी दाखवून दिले की मूळ संकेतापेक्षा केवळ १३ डेसिबेल खाली असलेला गोंगाट आच्छादनाच्या मर्यादेनुसार वाटून दिल्यास जवळजवळ ऐकू येत नाही. तेवढ्याच पातळीचा सरसकट मिसळलेला गोंगाट मात्र सहज ऐकू येतो. दोन्ही बाबतींत संकेत-गोंगाट गुणोत्तर एकच असते. हे तंत्र विकसित करताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचे वाद्यसाथीविना गायिलेले 'टॉम्स डायनर' हे गीत वारंवार ऐकून दोष शोधले, कारण सुरुवातीच्या आवृत्तीत त्या एकट्या आवाजाची मोठी हानी होत असे.

एकूण हार्मोनिक विरूपणाच्या आकड्यावरही अशीच टीका झाली आहे. मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर मूळ स्वराकडून बहुधा झाकला जातो, तर सातपट किंवा नऊपट वारंवारतेचा स्वर कमी प्रमाणातही खुपतो. साध्या बेरजेत हा भेद दिसत नाही. २००३ मध्ये अर्ल गेडिस आणि लिडिया ली यांनी केलेल्या श्रवणप्रयोगांतही हा आकडा आणि श्रोत्यांना जाणवलेला दोष यांच्यात समाधानकारक संबंध आढळला नाही.

श्रवण आणि मापन यांची सांगड

श्रवण आणि मापन यांना जोडणारे सर्वांत सातत्यपूर्ण कार्य स्पीकरच्या क्षेत्रात झाले. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत १९७० आणि १९८० च्या दशकांत अंध श्रवणचाचण्या आणि प्रतिध्वनिरहित कक्षातील मापने एकाच वेळी घेतली. संगीताची आवड व्यक्तिपरत्वे वेगळी असली तरी चांगल्या स्पीकरविषयीच्या पसंतीत श्रोत्यांचे मोठ्या प्रमाणात एकमत असते, असे त्यांना आढळले. समोरचा वारंवारता प्रतिसाद समतल आणि बाजूंचा प्रतिसाद सौम्यपणे उतरणारा असलेले स्पीकर अंध चाचण्यांत वरचढ ठरले. ज्या श्रोत्यांची श्रवणशक्ती घटली होती, त्यांचे गुण फेरीगणिक अधिक बदलत. त्यामुळे दीर्घ व्यावसायिक अनुभव ही अचूक श्रवणाची हमी मानता येत नाही.

शॉन ऑलिव्ह यांच्या २००३ मधील अभ्यासात २६८ श्रोत्यांचा समावेश होता. प्रशिक्षित श्रोते अधिक काटेकोर आणि सुसंगत आढळले, परंतु स्पीकरचा पसंतिक्रम दोन्ही गटांत साधारणतः सारखाच राहिला. २००४ मध्ये त्यांनी केवळ प्रतिध्वनिरहित मापनांवरून पसंतीचा अंदाज वर्तविणारे गणिती प्रारूप मांडले. ७० स्पीकरच्या संदर्भात त्या अंदाजाचा प्रत्यक्ष गुणांशी ०.८६ इतका सहसंबंध आढळला. या दिशेने झालेल्या कामातून स्पीकरभोवतीच्या मापनाचे सीटीए-२०३४ हे प्रमाण तयार झाले.

प्रसारणक्षेत्रात वापरले जाणारे बीएस.१७७० हे प्रबलतामापनाचे प्रमाणही श्रोत्यांनी जुळविलेल्या पातळ्यांशी ताडून निवडले गेले. अशा मापनांत अनेक श्रोत्यांचे काळजीपूर्वक घेतलेले अनुभवच आकड्यांच्या रूपात साठविलेले असतात.

आक्षेप

अंध चाचण्यांवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप असा की चाचणीच्या ताणामुळे श्रोत्याची संवेदनक्षमता घटते आणि घरात निवांतपणे, दीर्घकाळ ऐकताना जाणवणारे गुण थोड्या वेळात लक्षात येत नाहीत. यावर असे उत्तर दिले जाते की अंध चाचणी घाईने घेण्याचे बंधन नाही. ती स्वतःच्या घरी, हवे तितके दिवसही घेता येते. तसेच अशाच चाचण्यांतून श्रोत्यांनी अतिशय सूक्ष्म फरक ओळखल्याची नोंद असल्यामुळे ही पद्धत मुळातच बोथट आहे असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की सर्वच अनुभव मोजता येत नाहीत. संगीताचा आनंद, उपकरणाचे रूप, ते हाताळण्याचे समाधान किंवा जुन्या रेकॉर्डशी जोडलेल्या आठवणी यांना आकड्यांत पकडता येत नाही. मापनाचा पुरस्कार करणारेही हे मान्य करतात. मात्र या गोष्टींचे मोल मान्य करणे आणि त्यांचे श्रेय ध्वनीला देणे यांत फरक आहे, असे ते निदर्शनास आणतात. याउलट, केवळ उत्तम आकड्यांच्या मागे लागून ऐकू येण्याच्या मर्यादेखालील फरकांसाठी उपकरणांची क्रमवारी लावणे, हा वस्तुनिष्ठतावादी पक्षाचा दोष मानला जातो.

व्यावहारिक महत्त्व

या वादाचा थेट परिणाम ग्राहकाच्या खर्चावर होतो. ध्वनिसाखळीतील स्पीकर, हेडफोन आणि खोली यांच्यातील फरक मोठे असतात आणि ते अंध चाचणीतही सहज ओळखता येतात. नीट रचना केलेले अँप्लिफायर आणि डिजिटल रूपांतरक त्यांच्या मर्यादेत वापरले असता त्यांच्यातील फरक बहुधा फार लहान असतात. स्पीकरच्या तारेबाबत तिची लांबी आणि जाडी महत्त्वाची ठरते. बारीक आणि फार लांब तारेचा रोध वाढल्याने ध्वनीत फरक पडू शकतो. पुरेशा जाड आणि आखूड तारांमध्ये केवळ किमतीमुळे ऐकू येण्याजोगा फरक पडल्याचे नियंत्रित चाचण्यांतून प्रस्थापित झालेले नाही.

दुकानात तुलना करताना दोन्ही उपकरणांचा आवाज एकाच पातळीवर आणणे, तेच मुद्रण वाजविणे, अदलाबदल त्वरित करणे आणि शक्य असल्यास कोणते उपकरण चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगणे, एवढ्या साध्या उपायांनीही निर्णयाची विश्वसनीयता वाढते. स्पीकरच्या बाबतीत खोलीचा परिणाम, विशेषतः खर्जात, मोठा असल्यामुळे दुकानातील अनुभव घरी तसाच येईल असे गृहीत धरता येत नाही.

हे सुद्धा पहा

डेसिबेल
ध्वनिमुद्रण
मानसध्वनिशास्त्र
छद्मौषध परिणाम
कॉम्पॅक्ट डिस्क
तंबोरा